‘हॉल भाड्यानं मिळंल का?’

फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न हाच. त्यानंतर नाव, मग तारीख, आणि मग “काकू, घरचंच कार्य आहे, जरा बघा की”. माझा नंबर आमच्या कॉलनीच्या हॉलच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलाय, ‘चौकशीसाठी’ म्हणून. लिहायला मीच लावला होता. आता पुसा म्हटलं तर अध्यक्ष नुसते हसतात.

मी पतसंस्थेत 31 वर्षं कॅशियर होते. कॉलनीचं नागरिक मंडळ नोंदलं तेव्हा “पैशाचं काम काकूंकडं द्या” असं सगळे एका सुरात म्हणाले. त्यात माझ्यावरच्या विश्वासापेक्षा हिशेबाचा कंटाळा जास्त होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी हो म्हणाले. रिटायर होऊन चारच महिने झाले होते आणि घरातले डबे तिसऱ्यांदा पुसून झाले होते.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, नगरपरिषदेचं. कॉलनी गावाच्या कडेला, जुन्या उसाच्या रानात पडलेली, 84 प्लॉटची. रान बिगरशेती करून प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तशी आमच्यातही सोडलेली होती, 24 गुंठे. नकाशावर ‘ओपन स्पेस’ आणि प्रत्यक्षात काँग्रेस गवत, दोन बाभळी, ज्याच्या त्याच्या बांधकामाचा राडारोडा. गणपतीत मंडळाची पोरं एक कोपरा साफ करायची. अनंत चतुर्दशी झाली की पुन्हा गवत.

2015च्या मे महिन्यात शेजारच्या वहिनींच्या सासऱ्यांचं तेरावं होतं. रस्त्यात मांडव घातलेला. पहिली पंगत उठली, दुसरी बसत होती आणि वळीव आला. मांडव आधी फुगला, मग एका बाजूनं हळूच बसला, म्हातारं माणूस खाली बसतं तसा. कुणाला लागलं नाही. पण आमटीच्या पातेल्यात मांडवाचं कापड गेलं, आणि शंभरेक माणसं हातात ताटं घेऊन कुणाच्या पोर्चमध्ये, कुणाच्या जिन्याखाली उभ्यानं जेवली. वहिनी रडायच्या थांबल्या होत्या, त्या पुन्हा रडायला लागल्या; सासऱ्यांसाठी नाही, “लोकांना नीट वाढताबी आलं न्हाई” म्हणून.

संध्याकाळी ओढ्याच्या पुलावर नेहमीची मंडळी बसलेली. त्यात आमचे सुभेदारकाका, फौजेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, “24 गुंठं जागा हाय आपल्याकडं आणि माणसाला तेराव्याला छप्पर न्हाई.” सुरुवात झाली ती एवढ्या एका वाक्यावर. बाकी सगळं, म्हणजे ठराव, उद्देश, घटना, नंतर लिहिलं.

छप्पर हवं यावर एकमत व्हायला पाच मिनिटं लागली. छप्पर कशाला हवं यावर अजूनही एकमत नाही. पुलावरच्या म्हाताऱ्यांना सावली, बाकडी आणि पेपर हवे होते. आम्हा बायकांना भिशीला आणि हळदीकुंकवाला जागा. गणपती मंडळाच्या पोरांना व्यायामशाळा. पोलीस भरती आणि एमपीएससी करणाऱ्यांना टेबल, पंखा आणि शांतता. माझं माहेर कोल्हापूरच्या पेठेतलं, त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं तालीम होती. कोल्हापुरात तालमीतली कुस्ती कमी झाली तरी तालीम हटत नाही. भांडण मिटवायला तालीम, मयताला माणसं जमवायला तालीम, गणपतीला तालीम. फुटबॉलचे संघसुद्धा तालमींचेच, पाटाकडील काय नि दिलबहार काय. फक्त एक होतं. आमच्या लहानपणी बाईमाणसाची हद्द तालमीच्या पायरीपर्यंत. इथं तसं व्हायला नको, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सात जणांच्या पहिल्या कमिटीत मी एकटीच बाई होते. आज अकरात चार आहोत.

नोंदणीचं सांगते, कारण विचारायला येणारे पहिल्यांदा तेच विचारतात. महाराष्ट्रात अशी संस्था दोन कायद्यांखाली नोंदली जाते. एक 1860चा सोसायट्यांचा कायदा आणि दुसरा 1950चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा. किमान सात माणसं लागतात. सगळ्यांची संमतिपत्रं, ओळखपत्रं, जागेच्या मालकाचं ना-हरकत, प्रतिज्ञापत्र, संस्थेचं ज्ञापन आणि नियमावली. सगळं पार पडलं की दोन नंबर मिळतात, त्यातला ट्रस्टचा ‘एफ’नं सुरू होतो. आम्हाला 2016च्या दिवाळीआधी मिळाले. त्यासाठी मास्तर (आमचे अध्यक्ष, हायस्कूलमधून रिटायर) आणि मी सांगलीला धर्मादाय कार्यालयात सहा वेळा गेलो. त्यातल्या चार खेपा आमच्याच चुकांच्या. एकाची सही पॅनकार्डावर मराठीत आणि फॉर्मवर इंग्रजीत, असल्या.

खरी चूक मात्र त्या वेळी कुणालाच दिसली नाही. नियमावली आम्ही दुसऱ्या एका मंडळाची आणून नाव बदलून टाइप करून घेतली. सगळे तसंच करतात. त्यात गणपूर्ती लिहिली होती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश. आमचे सभासद झाले 110. म्हणजे वार्षिक सभेला 74 माणसं हवीत. कॉलनीत 74 माणसं एका जागी फक्त महाप्रसादाला येतात. त्यामुळं दरवर्षी सभा गणपूर्तीअभावी तहकूब करायची, बाहेर जाऊन चहा प्यायचा आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा भरवायची. चहाचा खर्च ‘सभा खर्च’ या नावाखाली पडतो.

दुसरी गोष्ट बदल अर्जाची. कमिटीतलं एक जरी नाव बदललं तरी 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. आमचे सचिव मुलाकडं पुण्याला राहायला गेले, नवे सचिव झाले, पेढे वाटले, आणि अर्ज द्यायचा राहिला. बँकेत सहीचा अधिकार बदलायला गेले तेव्हा तिथल्या ओळखीच्या मुलीनं शांतपणे विचारलं, “काकू, परिशिष्ट एकवर तर अजून जुन्याच सचिवांचं नाव आहे?” परिशिष्ट एक म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या नोंदीचा उतारा. मग उशीर माफ करण्याचा अर्ज, वकील, फी. 31 वर्षं दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका मी काढल्या होत्या. त्या दिवशी घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

संस्था झाली, पण जागा कुठं आमची होती? आम्ही समजत होतो जागा नगरपरिषदेची. सातबारा काढला तर नाव मूळ मालकाचं. लेआउट मंजूर करताना जागा सोडलेली, पण पुढचा फेरफार कुणी केलाच नव्हता. मूळ मालक वारले होते, चार वारस, त्यातला एक पुण्यात. आमदार फंड मिळायची शक्यता तयार झाली होती आणि सरकारी पैसा खाजगी नावाच्या जमिनीवर लागत नाही. म्हणजे आधी नाव बदला.

थोरल्या मुलाच्या घरी आम्ही तिघं गेलो. माणूस वाईट नव्हता. चहा झाला, पाऊसपाणी झालं, ऊस किती टन पडला ते झालं. मग तो म्हणाला, “मास्तर, जागा तुम्हीच वापरा, आमचं काय म्हणणं न्हाई. पर आबांच्या नावावर हाय, तेवढं राहू द्या की. नाव गेलं की माणूस गेलं.” आता याला नियम काय सांगणार? मी तर गप्पच बसले. मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “सातबाऱ्यावरचं नाव तलाठ्याशिवाय कोण वाचतंय? आपण भिंतीवर लावू. येणारा-जाणारा वाचील.” तो बराच वेळ दाराकडं बघत बसला. मग म्हणाला, “अक्षर मोठं पायजे.”

त्यानंतरही चौघांच्या सह्या आणि फेरफार यात 14 महिने गेले. पण हॉलच्या दर्शनी भिंतीवर आबांचं नाव आहे, आणि अक्षर मोठं आहे.

बांधकामाचं फार सांगण्यासारखं नाही. मोकळ्या जागेवर किती बांधता येतं याला नियम आहे. एकूण जागेच्या 15 टक्के, त्यातलं तळमजल्यावर 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आमच्या 24 गुंठ्यांत तळाला दोन गुंठ्यांहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे 2600 चौरस फूट. काहींच्या डोक्यात तेवढ्यात मंगल कार्यालय उभं राहिलं होतं. फंडातून आले 25 लाख, त्यात 1500 फुटांचा हॉल, एक छोटी खोली आणि दोन संडास बसले. निविदा, वर्क ऑर्डर सगळं नगरपरिषदेचं; आम्ही रोज संध्याकाळी जाऊन भिंतीवर पाणी मारायचो एवढंच. आणि अंदाजपत्रकात काय नाही ते शोधायचो. पंखे नव्हते. स्वयंपाकाचा ओटा नव्हता. वर टाकी होती, पण टाकीत पाणी चढवायची मोटर नव्हती. चाकाच्या खुर्चीला उतार नव्हता. तेव्हा प्लॉटमागं 5,000 वर्गणी काढली. 84 पैकी 61 घरांनी दिली. 3,05,000 रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जून 2019मध्ये काम संपलं. उद्घाटन 15 ऑगस्टला ठरलं, तशी कोनशिलाही कोरून आली. चावी ठेकेदाराकडं, कारण ताबा द्यायचा बाकी. मोटर आणलेली पण जोडायची होती. विजेचं मीटर यायचं होतं.

आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढायला लागली. सांगलीत आयर्विन पुलाला 45 फुटांवर धोक्याची पातळी. त्या साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं गाव उंचावर, पण नदीकाठची गावं पाण्यात, रस्ते बंद. रात्री साडेनऊच्या सुमारास कॉलनीच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीवर ताडपत्री. ताडपत्री वर केली तर आत 23 माणसं, चार शेळ्या, आणि गोधडीत गुंडाळलेला टीव्ही. कुणाच्या तरी बहिणीचं सासर. एकाच घरी 23 माणसं कशी मावणार?

ठेकेदाराला फोन लावला. तो पाण्यापलीकडं अडकलेला. मास्तर छत्री धरून कुलपापुढं उभे. “ताबा मिळालेला नाही. सरकारी इमारत आहे. कुलूप फोडणं म्हणजे…” सुभेदारकाका पहार घेऊन आले होते. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही जरा तिकडं तोंड करा.” मास्तरांनी खरंच तिकडं तोंड केलं. तीन घावांत कोयंडा निघाला, कुलूप तसंच लटकत राहिलं.

शेजारच्या घरातून वायर ओढून दोन बल्ब लावले. प्लंबरचा पोरगा रात्री अकराला मोबाइलच्या उजेडात मोटर जोडत बसला. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा आतल्या बायकांनी असा काही श्वास सोडला की मला पहिल्यांदा कळलं, जेवणाआधी संडास लागतो. समित्यांच्या मीटिंगमध्ये संडास हा विषय कायम शेवटी येतो. त्या रात्रीपासून मी तो पहिला घेते.

नऊ रात्री लोक राहिले, जास्तीत जास्त 41. घरटी दोन भाकरी जास्त थापायच्या असं ठरलं. कुणाला सांगावं लागलं नाही. मी घरातली 200 पानी वही काढली आणि खर्च लिहायला लागले. पहिली नोंद ‘नवे कुलूप 180’. दुसरी ‘फिनेल 2 लि.’ ती वहीच आमच्या केंद्राचं, म्हणजे या हॉलचं, पहिलं कॅशबुक. ऑडिटरनं विचारलं, “हे संस्थेच्या इमारतीचा ताबा मिळण्याआधीचे खर्च कसे?” मी सांगितलं, पूर आधी आला, ताबा नंतर. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या पानावर गेले.

पाणी उतरल्यावर लोक गेले. जायच्या सकाळी त्यांच्यातल्या बायकांनी झाडू मागितले आणि सगळा हॉल धुऊन दिला. आम्ही नको म्हणत होतो.

उद्घाटनाचं काय झालं? 15 ऑगस्टला कुणाच्या डोक्यात उद्घाटन असणार? सप्टेंबरच्या 21 तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली, महिनाभरानं मतदान, आणि नोव्हेंबरात तर राज्यात सरकारच बसेना. शेवटी डिसेंबरात फीत कापली. कोनशिलेवर आजही 15 ऑगस्ट 2019 आहे. नवी कोरायचे पैसे कोण देणार?

त्यानंतर नगरपरिषदेशी करार. इमारत त्यांची, देखभाल आमची, 11 महिन्यांचा कागद, दरवेळी नवा. राजकीय कार्यक्रम नाही, पक्कं बांधकाम नाही, सगळ्यांना खुलं. तीन महिने केंद्र चाललं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. पुढच्या वर्षी 1 मार्चपासून साठीच्या पुढच्यांचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा काही दिवस आमच्या हॉलमध्ये लस दिली. कॉलनीबाहेरच्या लोकांना आमचा हॉल ठाऊक झाला तो तिथं. अर्धा तास खुर्चीत बसून त्यांनी छत, पंखे, ओटा सगळं बघून घेतलं. जाताना विचारायचे, “हॉल भाड्यानं देता का ओ?”

आम्ही द्यायला लागलो. यात माझा पुढाकार होता, हे लपवत नाही. हिशेब सरळ होता. महिन्याचा खर्च: साफसफाईच्या मावशी 3,500, वीज 2,200, पेपर 900, फिनेल-बल्ब-झाडू 600, दुरुस्तीला 1,000. एकूण 8,200, वर्षाचे 98,400. सभासद वर्गणी घरटी महिना 50, देणारी घरं 40, म्हणजे वर्षाला 24,000. तूट 74,400. भाडं ठेवलं दिवसाला 2,500. वर्षात 30 कार्यं झाली की 75,000. तूट खलास, वर 600 शिल्लक. मीटिंगमध्ये मी हे फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

2022च्या लग्नसराईत एकट्या मे महिन्यात 11 बुकिंगं झाली. डोहाळजेवण, बारसं, साखरपुडा, मुंज, वास्तुशांतीचं जेवण. मी खूश. एका संध्याकाळी डिपॉझिट परत करायला गेले, पिशवीत 7,500 रुपये होते. हॉलमध्ये बारशाचे फुगे. आमची अभ्यासिकेची टेबलं एकावर एक रचून संडासाच्या बोळात. पेपर लावायच्या स्टँडवर पाहुण्यांच्या ओल्या साड्या. आणि बाहेर आबांच्या नावाखाली कठड्यावर सहा पोरं पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली. डीजे लावायचा नाही असा नियम होता, म्हणून आत फक्त एक भला मोठा स्पीकर होता.

त्यातला एक म्हणाला, “काकू, आज बारसं, उद्या साखरपुडा. परवा येऊ का?” टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. पोलीस भरतीची तयारी करायचा.

मी घरी येऊन वही काढली. राग आला की मी हिशेब करते. आणि तेव्हा एक गोष्ट दिसली जी कॅशियर असून मला वर्षभर दिसली नव्हती. कागदावर भागत होतं, पण बँकेतली शिल्लक उतरत होती. वर्गणीचे जे 3,05,000 होते, त्यातून पंखे-ओटा-उतार करून उरलेली रक्कम आम्ही नकळत खर्चून टाकत होतो. कारण प्रत्येक कार्याचा खर्च मी वेगवेगळ्या सदरांखाली टाकला होता. कार्य असलं की मावशींना जादाचे 400, ते ‘मानधन’मध्ये. पाण्याचा टँकर 500, तो ‘पाणी’मध्ये. वीज 300ची वाढायची, ती बिलात. फुटलेली खुर्ची, तुंबलेलं बेसिन, उखडलेला सॉकेट, सरासरी 200, ते ‘दुरुस्ती’त. 2,500 मधले 1,400 गेले. हातात 1,100. तीस कार्यांचे 33,000. ज्या तुटीसाठी पोरांना बाहेर बसवलं ती तूट अर्धीसुद्धा भरत नव्हती.

आणि वर्गणी देणारी घरं 40ची 23 झाली होती. का देतील? म्हातारी मंडळी परत पुलावर जाऊन बसली होती.

मीटिंग गरमागरम झाली. एक गट म्हणे भाडं 5,000 करा. दुसरा म्हणे बंदच करा. गणपती मंडळाच्या पोरांचं वेगळंच, त्यांना ढोल ठेवायला खोली हवी होती आणि ती कुठल्याही ठरावात घुसवायची होती. (जिन्याखालची जागा दिली. ढोल तिथंच आहेत आणि पावसाळ्यात चामड्याचा वास येतो.) मी फळ्यावर नवा हिशेब मांडला. टाळ्या पडल्या नाहीत, पण कुणी उठूनही गेलं नाही. वर्गणी 100 करायची आणि घरं 62 करायची: 74,400. अभ्यासिकेला महिना 150, 20 पोरं: 36,000. बेरीज 1,10,400, खर्च 98,400. “62 घरं कशी करणार?” मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, “चालत.”

दोन महिने संध्याकाळी सहा ते आठ मी आणि दोघी वहिनी पावतीबुक घेऊन फिरलो. पहिला प्रश्न सगळीकडं एकच, “आमचं काय तिथं?” त्याला भाषण देऊन उपयोग नसतो. एका घरी आजोबांना ब्लड प्रेशर मोजून घ्यायचं होतं. आमच्या कमिटीत औषध दुकानवाले आहेत, त्यांनी गुरुवारी संध्याकाळी मशीन घेऊन बसायचं कबूल केलं. एका घरी सून म्हणाली, शिवणाचं मशीन आहे पण घरात जागा नाही. नियमावली तपासली तर उद्देश क्रमांक 9 मध्ये चक्क ‘शिवणवर्ग चालवणे’ होतं, त्या दुसऱ्या मंडळाचं तसंच राहून गेलेलं. नक्कल कधी कधी कामाला येते. 62 घरं व्हायला आठ महिने लागले. आज 66 आहेत, पण चार घरं कायम तीन महिने मागं असतात.

दर महिन्याच्या पाच तारखेला मी जमाखर्चाचा कागद बोर्डावर लावते. त्याचा ताप आहे. “काकू, फिनेल पाच लिटर? एवढं कशाला?” “वीज या महिन्यात 300नं जास्त कशी?” याचा एक फायदाही झाला. मीटर बांधकामाच्या वेळी व्यापारी दरानं घेतलेलं होतं आणि ते तसंच चाललं होतं. नवीन राहायला आलेल्या एका वायरमननं बिल बघून विचारलं, तेव्हा कळलं की वाचनालयासारख्या जागांना ‘सार्वजनिक सेवा’ म्हणून वेगळा दर असतो. अर्ज दिला, नोंदणीची प्रत जोडली, दर बदलला. 100 रुपये देणारा हिशेब विचारतो. 2,500 देणारा बुंदीचा पुडा हातात ठेवून जातो. आता मला पहिला परवडतो.

भाडं पूर्ण बंद केलं नाही. महिन्यात दोन दिवस, फक्त कॉलनीतल्या घरांना, परीक्षेच्या आठवड्यात नाही, आणि आलेली रक्कम थेट दुरुस्ती निधीत. तेराव्याला भाडं नाही. तो ठराव सुभेदारकाकांनी मांडला आणि त्यावर चर्चा झाली नाही.

चाव्या तीन. एक मावशींकडं, एक माझ्याकडं, एक अभ्यासिकेतल्या पोरांकडं, कारण ती पहाटे पाचला येतात. पोरांकडं चावी द्यायला निम्म्या कमिटीचा विरोध होता. आजवर रात्री दिवा चालू राहिला तो दोन्ही वेळा भजनी मंडळाच्या दिवशी. म्हातारी मंडळी साडेपाचला पत्ते मांडतात, पैशाचा डाव नाही, पण भांडण पैशाच्या डावासारखंच. बायकांची भिशी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. परवा परवापर्यंत पुरुष त्या वेळी दारातून डोकावून “झालं का?” विचारायचे. आता विचारत नाहीत.

सध्या स्लॅब गळतोय. जिन्याच्या वरचा कोपरा, बरोबर ढोलांवर. वॉटरप्रूफिंगवाल्यानं 64,000 सांगितलेत, दुरुस्ती निधीत 41,000 आहेत. रविवारी मीटिंग आहे. कोण काय बोलणार ते मला आत्ताच ठाऊक आहे. “पोरांच्या परीक्षा संपल्यात, मे मोकळाच आहे, एवढाच महिना कार्यांना देऊया.” मी वही घेऊन जाणार आहे. 1,100चा आकडा लाल पेननं लिहून ठेवलाय.

काल दुपारी एक फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता. कॉलनीतला नाही, ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. वडिलांचं तेरावं गुरुवारी आहे म्हणाला, दारात मांडव घालायला जागा नाही. नियमात बसत नव्हतं, आणि गुरुवार ब्लड प्रेशरचा. खिडकीतून बघितलं तर पश्चिमेकडं वळवाचं काळं आभाळ आलेलं.

तारीख लिहून घेतली. भाड्याच्या रकान्यात रेघ ओढली. रविवारी सांगायचंय.